छोटे लोच मासे: ओळख आणि सांभाळ (खान्देशातल्या टाकीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगावात माझ्या घरी तीन टाक्या आहेत आणि तिन्हींच्या तळाशी लोच आहेत. दुकानातून पिशवी घेऊन थेट माझ्याकडे येणारे, धूसर फोटो पाठवून "हा कोणता?" असं विचारणारे, मे महिन्यात रात्री अकराला "मासे वर येऊन तोंड उघडताहेत" म्हणून फोन करणारे, या सगळ्यांना मी आजवर जी उत्तरं देत आलो ती इथे लिहून काढली आहेत. यातले निम्मे प्रश्न मासा घेण्याआधी विचारले गेले असते, तर बरेच जीव वाचले असते.

लोच म्हणजे नेमका कोणता मासा? आपल्याकडे सापडतो का?

सापडतो, आणि त्याला आपलं नावही आहे: मुरी. बोटाएवढा, अंगाने गुळगुळीत, तोंडाशी मिशा असलेला आणि सावली पडली की वाळूत शिरणारा मासा. तापीकाठी जाळं आवरणाऱ्या एका भोई काकांना मी विचारलं, तर ते अहिराणीत म्हणाले, "वाळूमा ऱ्हास भाऊ, हातमा ये नही" (वाळूत राहतो, हातात येत नाही). लोचची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं केली, तेव्हा एका लोचच्या शास्त्रीय नावातच त्याने इथला शब्द घातला: मूरेह. आज त्या माशाचं नाव पॅराकॅन्थोकोबायटिस मूरेह. म्हणजे मुरी हे नाव जगभरच्या मत्स्यशास्त्रात जाऊन बसलं आणि आपण मात्र दुकानात "लोच द्या" म्हणतो.

दुकानदार लोच म्हणून देतो. खात्री कशी करायची?

आधी तोंड बघा, रंग नंतर. आपल्याकडचा माल बहुतेक मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातून किंवा कोलकात्याकडून येतो, आणि एका थर्माकोलच्या खोक्यात चार जातींची पिल्लं मिसळलेली असतात. दुकानदार मुद्दाम फसवतोच असं नाही, बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं.

लोच म्हणून गळ्यात पडणारे मासे मुख्यतः तीन. पहिला वामचं पिल्लू: त्याचं थोबाड सोंडेसारखं टोकदार असतं आणि पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. दुसरा मळ्या: ओठाच्या खाली गोल चकती असते, तिने तो दगडाला चिकटतो. तिसरा ‘अल्गी ईटर’ म्हणून मिळणारा सोनेरी मासा. तो काचेला तोंडाने चिकटतो आणि त्याला मिशा नसतात. लहानपणी गरीब दिसतो, पण वीतभर वाढला की बाकीच्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांची कातडी खरवडतो. त्याला लोच समजून घेतलेल्या दोन-तीन टाक्यांची झालेली दुर्दशा मी पाहिली आहे.

लोचचं तोंड खालच्या बाजूला वळलेलं असतं, वरच्या ओठाभोवती आणि कोपऱ्यांत मिशा असतात आणि पाठीवर एकच मऊ पर असतो. शिंगाडा माशासारख्या मिशावाल्यांच्या परांत कडक काटे असतात, लोचच्या परांत नसतात.

लोच आहे हे कळलं. पण कुठला, ते कसं ओळखू?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. घाई करू नका. मासा पाण्यासकट पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात घ्या, ग्लास खिडकीशी धरा आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहा.

डोळ्याखाली बारीक काटा आहे का, हे आधी बघा. एरवी तो कातडीच्या खाचेत मिटलेला असतो, मासा घाबरला की चाकूच्या पात्यासारखा बाहेर येतो. काटा असेल तर मासा एकतर बोटिया किंवा वाळूतल्या मुरी-कुहलीच्या घराण्यातला. काटा नसेल आणि मिशा सहा असतील, तर ओढ्यातल्या लोचांच्या घराण्यातला, म्हणजे शिस्टुरा, पॅराकॅन्थोकोबायटिस वगैरे.

हा काटा मी शिकलो तो एका चुकीतून. पहिल्यांदा लोच पकडताना मी साधी हिरवी जाळी वापरली. मुरी जाळीत अडकली, मी ओढली तशी ती अजून गुंतली. शेवटी ओल्या हाताने तिला धरून नखं कापायच्या कात्रीने जाळीचे चार धागे कापले, तेव्हा ती सुटली. डोळ्याखाली रक्ताचा ठिपका आला होता. तेव्हापासून लोचसाठी माझ्या घरी जाळी नाही, ग्लासच.

आता पुढची पायरी. मिशा आठ आणि अंग चपटं, उंच, पट्ट्यापट्ट्यांचं असेल तर बोटिया. अंग गोल, काडीसारखं, रंग वाळूसारखा, बाजूला गडद डागांची रांग आणि शेपटीच्या मुळाशी वरच्या अंगाला काळा ठिपका असेल तर लेपिडोसेफॅलिक्थिस, म्हणजे वाळूतली मुरी. तिचा नर ओळखायची खूण छान आहे: छातीच्या पराच्या आतल्या बाजूच्या दोन काड्या एकत्र येऊन जाड झालेल्या असतात. अंग सापासारखं लांब आणि पाठीवरचा पर पार शेपटीकडे सरकलेला असेल तर पँजिओ, म्हणजे कुहलीची जात.

एक जात मोजणाऱ्याला चकवते. इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी. फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याच्या माशावरून तिचं वर्णन केलं, आणि आपल्या सातपुड्यातही तिची नोंद आहे. तिच्या नाकपुड्यांचे पडदे लांबून मिशीसारखे झालेले असतात, त्यामुळे मिशा सहाच असूनही आठ वाटतात. शिवाय ही जात एकच आहे असं दीडशे वर्षं मानलं जात होतं. २०२१ मध्ये उत्तर सह्याद्रीतून याच कुळातल्या निलेशी आणि राजीवी या दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. म्हणून फोटोवरून कुणी छातीठोकपणे जातीचं नाव सांगितलं, तर तो मासा कुठल्या नदीचा आहे हे आधी विचारा. ते माहीत नसेल तर कुळापर्यंत थांबणं प्रामाणिकपणाचं. माझ्या वहीत आजही दोन माशांपुढे फक्त कुळाचं नाव आहे.

छोट्यांपैकी वेगळे आणि ठेवण्याजोगे कोणते?

कुहली सगळ्यांना माहीत आहे. पण दुकानात ‘कुहली’ म्हणून येणारा पट्टेवाला मासा बहुधा पँजिओ सेमिसिंक्टा असतो. खरा कुहली जावाचा. बिनपट्ट्याचा तपकिरी पँजिओ ऑब्लोंगा मिळाला तर जरूर घ्या. दिसायला साधा, पण धीट असतो. भारतातही पँजिओ आहेत. २०१९ मध्ये केरळातल्या कोझिकोडच्या एका विहिरीतून पाठीवर पर नसलेली एक जात सापडली. भुजिया शेवेसारखी दिसते म्हणून तिचं नाव ठेवलं पँजिओ भुजिया. शेवभाजी खाणाऱ्या आपल्या मुलखात हे नाव कुणी विसरणार नाही. ती भूजलात राहणारी आहे, टाकीसाठी नाही. केवळ आनंदाने सांगितलं.

बुटका साखळी लोच, अँबॅस्टिया सिडथिमुंकी, जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचा. पाठीवर साखळीची नक्षी, दिवसा उजेडात फिरतो, टोळीने पोहतो. मूळचा थायलंडचा, तिथे तो संकटग्रस्त आहे आणि बाजारात येणारे बहुतेक मासे संप्रेरकांच्या इंजेक्शनवर पैदा केलेले असतात. महाग पडतो. सहा घ्यायची ऐपत नसेल तर एकही घेऊ नका.

बोटिया स्ट्रायाटा, झेब्रा लोच. नारायण राव यांनी १९२० मध्ये तुंगा नदीतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. हा फक्त पश्चिम घाटाचा आणि आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त. दुकानात स्वस्त मिळतो म्हणजे नदीत भरपूर आहे असं नाही. मी स्वतः आता नवीन घेत नाही, कुणी टाकी मोडत असेल तर त्याचे सांभाळतो.

‘यो-यो’ म्हणून मिळणारे मात्र छोट्यांत धरू नका, ते पुढे वाढतात. आणि क्लाउन लोच तर तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. दोन इंचांचं नारिंगी पिल्लू पाहून भुलू नका.

टाकी किती मोठी लागेल?

कुहली किंवा मुरीसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच चालते. तिच्यात काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं, वाळू-दगड धरून पंचेचाळीसच्या आसपास राहतं. साखळी लोच आणि झेब्रा लोचला तीन फूट लांबी हवी. लोचला उंची नको, तळ हवा. आणि झाकण घट्ट. वायर जाण्यापुरत्या फटीतून माझा एक कुहली निसटला, तो टीव्हीच्या मागे वाळून गेलेला सापडला.

तळाला कोणती वाळू?

बारीक, गोल कणांची. दुकानातली रंगीत खडी नकोच. लोच तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतात, खडीने त्यांच्या मिशा झिजतात आणि कुजतात. मिशा झिजलेला लोच म्हणजे बोटं गेलेला माणूस.

बांधकामावरची वाळू मैद्याच्या नाही, रव्याच्या चाळणीतून चाळून घ्या आणि बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मला पंधरा-सोळा पाणी लागतात. आपल्या नद्यांच्या वाळूत चुनखडीचे पांढरट खडे असतात, ते पाणी जड करतात. मूठभर वाळूवर लिंबू पिळा, फेस आला तर ती वाळू झाडांच्या कुंडीत घाला.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर बसतो. चालेल का?

मुरीला आणि बोटियाला बरंच चालतं, कुहलीला त्रास होतो. निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं पाणी मिसळा. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी जाऊ देऊन गच्चीचं पाणी धरलं तर त्याहून उत्तम.

नळाचं पाणी वापरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. चार-चार दिवसांनी पाणी येतं आणि पावसाळ्यात त्यात टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास भपकन येतो. ते पिंपात भरून हवेचा दगड लावून एक दिवस ठेवा, किंवा दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरा. एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त पाणी बदलू नका. आणि नव्या टाकीत लोच सगळ्यात शेवटी, फिल्टर चार ते सहा आठवडे चालल्यावर. अमोनियाचा फटका तळातल्या माशाला पहिला बसतो.

उन्हाळ्याचं काय? आमच्या भुसावळला ४५ अंश असतं.

खान्देशात लोच ठेवणं म्हणजे मुख्यतः एप्रिल-मे पार पाडणं. बाकीचे दहा महिने सोपे आहेत.

ओढ्यातले लोच आणि झेब्रा लोच २० ते २६ अंशांत खुलतात, कुहली ३० पर्यंत सोसतो. दुपारी बंद खोलीतल्या टाकीचं पाणी माझ्याकडे ३४ ला गेलेलं आहे. मारतं ते नुसतं ऊन नाही, प्राणवायूची टंचाई मारते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांत साधारण ७, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते.

आपली हवा कोरडी आहे, तोच आपला उपाय. टाकीचं काचेचं झाकण काढून त्या जागी डासांची जाळी ताणून बसवा आणि छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. पाणी उडतं आणि उडताना गारवा देतं, रांजणासारखंच. माझ्या टाकीत यामुळे तीन-चार अंश उतरतात. रोज दोन लिटर पाणी आटतं, ते भरताना आरओचंच घाला. वाफ होऊन जातं ते पाणी, क्षार खालीच राहतात. रोज बोअरचं पाणी भरत गेलात तर मेअखेर टाकीत क्षारांचा काढा होतो. टाकीच्या तीन बाजूंना ओलं गोणपाट लावलं तर आणखी फरक पडतो, समोरची बाजू बघायला मोकळी ठेवा. टाकी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली असेल तर मार्चमध्येच हलवा. दिवा दिवसा बंद.

बर्फाची बाटली टाकायचीच असेल तर एका वेळी एक, आणि दोन अंशांपेक्षा जास्त उतार एकदम नको. मृग लागला, हवा दमट झाली की फॅनचा उपयोग कमी होतो, पण तोवर उन्हाचा जोरही मोडलेला असतो.

वीज गेली तर? बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. फिल्टरही स्पंजचाच ठेवा, तो त्या पंपावर चालतो.

एक गैरसमज. मुरीच्या एका जातीचं नाव थर्मॅलिस आहे, कारण तिचं पहिलं वर्णन श्रीलंकेतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या माशांवरून झालं. अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यावर जाऊन आलेल्या एका मित्राने यावरून "मग हिला उन्हाळा बाधत नाही" असं ठरवलं होतं. मूळ नमुना कुठे सापडला ते नाव सांगतं. तुमच्या टाकीतली मुरी काय सोसेल, ते तिच्या कल्ल्यांची गती सांगेल.

एकच ठेवला तर चालेल?

नाही. कुहली सहा, बोटिया पाच तरी. एकटा लोच खात नाही, लपून बसतो आणि झुरतो.

महिना झाला, मासा दिसलाच नाही. मेला असेल का?

बहुधा नाही. माझा एक पट्टेवाला कुहली अडीच महिने बेपत्ता होता. काचेला टांगलेला फिल्टर धुवायला उघडला, तर आत स्पंजखाली गुबगुबीत बसलेला. पाणी ओढणाऱ्या नळीतून पिल्लू असताना आत गेला होता आणि तिथे येणाऱ्या अन्नावर वाढला. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावाच, आणि फिल्टर धुताना आधी आत हात घालून बघा. रात्री दिवे मालवून तासाभराने मोबाईलचा उजेड लाल कागदातून टाका, बहुतेक हरवलेले तेव्हा सापडतात.

सारखा वर जाऊन हवा घेतो. आजारी आहे?

मुरी आणि तिच्या घराण्यातले लोच वरून हवेचा घोट घेतात आणि आतड्यातून प्राणवायू शोषतात. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यात तग धरायची ती सोय आहे. अधूनमधून झेप घेऊन परत वाळूत शिरत असेल तर काळजी नको. पण मिनिटामिनिटाला जात असेल, किंवा बोटिया आणि ओढ्यातले लोचही वर आले असतील, तर आधी हवा वाढवा, पाव टाकी पाणी बदला, मग कारण शोधा.

टाकीतली घाण खातात ना?

नाही हो. हा प्रश्न मला दुखावतो, कारण याच समजुतीने लोच उपाशी मरतात. वरच्या माशांनी सोडलेले चार दाणे म्हणजे जेवण नव्हे, आणि विष्ठा कुठलाच लोच खात नाही. बुडणाऱ्या बारीक गोळ्या, गोठवलेले ब्लडवर्म, डासांच्या अळ्या, बारीक चिरलेलं गांडूळ द्या, आणि दिवा मालवल्यावर द्या. बोटियाला उकडलेल्या गिलक्याची चकती आवडते. गटारातले ट्यूबिफेक्स किडे टाळा. पोळी, मुरमुरे, फरसाण अजिबात नको. गोगलगायींचा त्रास असेल तर बोटिया त्या फस्त करतात, कुहली करत नाहीत.

अंगावर पांढरे ठिपके आलेत. दुकानातलं औषध टाकू?

टाका, पण निम्म्या मात्रेने. लोचचे खवले अगदी बारीक, कातडीत रुतलेले असतात. मॅलाकाइट ग्रीन आणि तांब्याची औषधं त्यांना पटकन बाधतात. आपल्याकडे हा रोग डिसेंबर-जानेवारीत येतो, रात्री पाणी १७-१८ ला उतरतं तेव्हा. हीटर लावून पाणी हळूहळू २९-३० ला न्या, हवा वाढवा, तळ रोज साफ करा. ठिपके गेल्यावरही आठवडाभर तसंच ठेवा.

मासा खातोय पण पाठ सुरीसारखी होत चालली आहे? तर पोटात जंत आहेत. शेळ्या-मेंढ्यांना देतात ते लेव्हामिसोल यावर चालतं: लिटरला २ मिलिग्रॅम, टाकी अंधारात ठेवून २४ तास, मग मोठा पाणीबदल, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. बाटलीवरचं प्रमाण वाचून हिशोब एखाद्या जनावरांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, कारण तिथे चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही.

सोबत कोणते मासे?

डानियो, रासबोरा, छोटे बार्ब. एंजल आणि सिक्लिड नकोत. गोल्डफिशही नको.

घरी पिल्लं होतात का?

बोटियाची घरात जवळजवळ नाहीच. कुहलीची होतात, पण कधी होतील ते सांगता येत नाही. मादी भरली की पोटातली हिरवट अंडी कातडीतून दिसतात. नराच्या छातीचे पर रुंद, वल्ह्यासारखे असतात. तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत ती अंडी टाकतात. माझ्याकडे हिरवी पोटं दोनदा दिसली, पिल्लं एकदाही नाही.

सातपुड्याच्या ओढ्यातून स्वतः पकडून आणू का?

यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत, तिथून मासा उचलणं गुन्हा आहे. बाहेरच्या ओढ्यांतूनही मी आणत नाही. फेब्रुवारीनंतर तिथे डबकीच उरतात आणि त्या डबक्यांतले मासे म्हणजे पुढच्या पावसाचं बियाणं. ओढ्याकाठी बसून बघा, फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. २०२० मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमातून शिस्टुरा हिरण्यकेशी ही नवी जात नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. बोटाएवढ्या मुरीने एक झरा राखला. आपल्या सुकी, अनेर, गोमाईच्या वरच्या ओढ्यांकडे इतक्या बारकाईने बघणारे डोळे हवे आहेत.

बदली झाली, आता सांभाळणं जमणार नाही. हतनूर किंवा वाघूर धरणात सोडून देऊ?

कृपा करून सोडू नका. विहिरीतही नाही, तलावातही नाही. टाकीतला रोग पाण्याबरोबर जातो, आणि बाहेरचा मासा जगला तर इथल्या मुरीच्या जागेवर आणि अन्नावर बसतो. दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, कुठेही असलात तरी तुमच्या दुकानात ‘लोच ठेवणारं कुणी आहे का’ असं विचारा, एखादा निघतोच. पोचवताना पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवा, आदल्या दिवशी खायला देऊ नका, पिशवी दुहेरी करून कोपरे रबराने बांधा, म्हणजे मासा कोपऱ्यात चेंगरत नाही. बोटिया असेल तर पिशवीऐवजी झाकणाचा डबा घ्या. डोळ्याखालचा काटा पिशवी फाडतो.